पडद्यावरच्या बाईंचा वहिवाटदार कोण?

प्रति,
नागरी सहकारी बँकांचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक,

स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर एकाच बँकेला लिहायचं होतं. तिचा मी सभासद आहे, माझे वडीलही होते. पण नातेवाईक, गिऱ्हाईक, रंगवाले, टेम्पोवाले अशा चार लोकांशी बोलल्यावर कळलं की आमच्या शाखेत जे झालं ते थोड्याफार फरकाने इतर ठिकाणीही होऊ घातलंय. म्हणून बँकेचं नाव घेत नाही आणि सगळ्यांनाच लिहितो.

शाखेतली चौकशीची खिडकी तुम्ही बंद केलीत. तिथे पुरुषभर उंचीचा एक पडदा उभा केलात आणि त्यात यंत्राने बोलणारी एक बाई. पैठणी, नथ, गजरा. समोर कोणी उभं राहिलं की ती हात जोडते आणि गोड आवाजात काय मदत करू म्हणून विचारते. तिला नाव आहे. फ्लेक्सवर तिचा उल्लेख 'आमच्या नव्या सहकारी' असा होता. उद्घाटनाला पेढे वाटले, तेव्हा मीही एक घेतला, त्याबद्दल तक्रार नाही.

माझा गणपतीचा कारखाना आहे आणि त्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट आहे, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज. यंदा नूतनीकरणाची मुदत आणि स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, कधीपर्यंत चालेल हे मी त्या बाईंना विचारलं. त्यांनी हसत तारीख सांगितली. त्या तारखेच्या आत मी कागद दिले आणि तरी खात्याला दंडव्याज लागलं. मॅनेजरसाहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, "ती तसं म्हणाली असेल हो, पण बँकेने तुम्हाला तसं काही सांगितलेलं नाही."

रक्कम फार नव्हती, भरून टाकली. पण ते वाक्य काही गळ्याखाली उतरेना. ती म्हणाली, बँक नाही म्हणाली. मग ती कोण?

आता मी हे विचारणारा कोण, तेही सांगतो. मी पेणजवळच्या हमरापूर-जोहे पट्ट्यातला मूर्तिकार. वर्षभर निर्जीव वस्तूला रूप देणं हाच आमचा धंदा, त्यामुळे रूपाने माणसाचं काय होतं हे आम्ही जवळून बघतो. कारखान्यात मूर्ती म्हणजे माल. तो नगावर मोजतात. साच्यातून काढलेल्या धडाला हात जोडायचे, पॉलिशपेपर मारायचा, कोणाचा कान उडाला असेल तर तो लावायचा, आणि प्लास्टिक टाकून मांडणीवर ठेवायचा. टेम्पोत पेंढा घालून भरताना एखादा नग आडवा झाला तरी कोणाला पाप लागत नाही. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. ते काढणारा कारागीर वेगळा, त्याची मजुरी वेगळी, आणि तो बसला की कारखान्यातला रेडिओसुद्धा बारीक होतो. बुबुळाचा ठिपका केसभर चुकला तर मूर्ती भिंतीकडे बघत बसते. बरोबर पडला तर दारातून आत आलेला माणूस थबकतो, चप्पल काढायला वाकतो. काही गिऱ्हाईक तिथेच हात जोडतात. आणि तरीही तो माल असतो, त्याचं बिल होतं.

प्राण येतो तो गिऱ्हाइकाच्या घरी. चतुर्थीला मंत्र म्हणतात, दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात, आणि तिथून पुढे मूर्ती हलवायची नाही, घराला कुलूप लावून जायचं नाही, नैवेद्य वेळेवर. दीड दिवस असो की दहा. मग उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागेवरून जराशी हलवतात आणि विसर्जन. मी इथे भक्तीचं सांगत नाही, व्यवहाराचं सांगतोय. मातीला देव मानायचं ठरवणारा एक माणूस त्या घरात असतो. पूजेला बसताना तो संकल्पात स्वतःचं नाव आणि गोत्र सांगतो. काही राहिलं, चुकलं, तर क्षमा तो मागतो. 'ते मूर्तीने केलं, माझा संबंध नाही' असं म्हणणारा यजमान मी अजून पाहिलेला नाही.

कायदाही असाच चालत आलाय. माणूस नसलेल्याला व्यक्ती मानणं आपल्याकडे नवीन नाही. 1925 साली कलकत्त्याच्या एका घरातल्या कुलदैवताचा वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला, आणि हिंदू मूर्ती ही दावा लावू शकणारी, जिच्यावर दावा लावता येईल अशी कायदेशीर व्यक्ती आहे असं तिथे सांगितलं गेलं. पण त्याच निकालात देवाची बाजू मांडायला घरच्या भांडणात हितसंबंध नसलेला माणूस नेमा, असंही सांगितलं. 2000 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गुरू ग्रंथ साहिबलाही असं स्थान दिलं. देवाची जमीन असते, देवाच्या नावावर सातबारा असतो, पण वहिवाटदार माणूस असतो आणि हिशेब त्यालाच विचारतात.

तुमची बँकसुद्धा अशीच एक बनवलेली व्यक्ती आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 36 ने तिला ते स्थान मिळतं. तिला हात-पाय नाहीत, चेहरा नाही, तरी ती ठेवी घेते, कर्ज देते, कोर्टात जाते. आणि ती बुडाली तर काय होतं? कलम 88 ची चौकशी लागते आणि जबाबदारी माणसांवर निश्चित होते, नावानिशी. 88 म्हटलं की संचालकांच्या पोटात गोळा येतो तो म्हणूनच. बनवलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे धरता येईल असा खरा माणूस ठेवायचा, ही यातली जुनी अट आहे.

ही अट नीट सांभाळली नाही की काय होतं याचं उदाहरणही आपल्याकडचंच आहे. मार्च 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना व्यक्ती ठरवलं आणि मुख्य सचिव वगैरे अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमलं. राज्य सरकारच घाबरून सर्वोच्च न्यायालयात गेलं. उद्या पुरात कोणाचं घर वाहून गेलं आणि त्याने नदीवर दावा लावला तर भरपाई कोण देणार, असा त्यांचा प्रश्न होता. जुलैमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. त्याच वर्षी न्यूझीलंडने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तिमत्त्व दिलं. तिथे मात्र नदीच्या वतीने बोलायला दोन जणांची नेमणूक ठेवली, एक सरकारने आणि एक नदीकाठच्या माओरी लोकांनी सुचवलेला. त्या दोघांनी नदीचा मानवी चेहरा व्हायचं, असं तो कायदा सांगतो. तिथे नदीला बोलता येत नाही म्हणून तिला जिवंत माणसांचा चेहरा दिला. तुम्ही जिवंत माणूस खिडकीवरून उठवलात आणि चेहरा तेवढा मागे ठेवलात.

मॅनेजरसाहेबांचा युक्तिवाद मात्र नवा नाही, त्यांना ठाऊक नसेल. कॅनडात एका माणसाची आजी वारली. त्याने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या बोलक्या यंत्राला विचारलं, तेव्हा अशा वेळची सवलत तिकीट काढल्यावरही मागता येईल असं त्याने सांगितलं. नंतर कंपनीने पैसे नाकारले. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणात गेलं तेव्हा कंपनीने काय म्हणावं? हे यंत्र स्वतंत्र कायदेशीर घटक आहे, त्याच्या बोलण्याला ते स्वतः जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये हे फेटाळलं. यंत्र कंपनीच्या संकेतस्थळाचाच भाग आहे, माहिती साध्या पानावर लिहिलेली असो की यंत्राने सांगितलेली, जबाबदारी कंपनीची. साधारण साडेसहाशे कॅनेडियन डॉलरची भरपाई आणि वर व्याज-खर्च. तेवढ्यासाठी एवढी मोठी विमान कंपनी एका यंत्राला माणूस बनवायला निघाली होती! माझं दंडव्याज त्याहूनही कमी होतं, तेव्हा तुमच्या बँकेचा हुरूप समजू शकतो.

युरोपातही हा विचार करून झालाय. फेब्रुवारी 2017 मध्ये युरोपीय संसदेने एक ठराव केला. त्यात अत्यंत प्रगत, स्वतः निर्णय घेणाऱ्या यंत्रांना 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' असा दर्जा देता येईल का, नुकसानभरपाईसाठी, हे तपासावं अशी सूचना होती. पुढच्या वर्षी दीडशेहून जास्त तज्ज्ञांनी खुलं पत्र लिहून त्याला विरोध केला. असा दर्जा दिला तर बनवणारे आणि विकणारे हात झटकून मोकळे होतील, हा त्यातला एक मुद्दा होता. 2024 साली युरोपचा कायदा आला, त्यात ही इलेक्ट्रॉनिक व्यक्ती नाही. उलट, समोर यंत्र आहे हे माणसाला कळलं पाहिजे, असं कलम आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली सांगून झाली: त्या बाईंचं बोलणं बँकेचं नाही, असं बँक म्हणते. एटीएमला नाक-डोळे नाहीत. त्यात पैसे अडकले तर आपण बँकेला धरतो आणि बँकही 'ते एटीएमने केलं' म्हणत नाही. नथ घातली की जबाबदारी बदलते, हे कुठल्या परिपत्रकात आहे?

दुसरी तक्रार विश्वासाची. शाखेत एक म्हातारी येते, पेन्शन काढायला. पडद्यातल्या बाईंनी हात जोडले की तीही जोडते. एकदा तिने "जेवलीस का गं?" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. मग तिने मुलाचं कर्ज, सुनेचे दागिने, कुठल्या पतपेढीत किती आहेत, सगळं त्या पडद्यासमोर उभ्या उभ्या सांगितलं. मागे रांग होती. हे हसण्यावारी नेऊ नका. माणूस भोळा असतो म्हणून असं होतं, असंही नाही. 1966 साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी एक साधा प्रोग्रॅम लिहिला होता, एलायझा नावाचा. चेहरा नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं, आणि तुमचंच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारायचा. तो कसा बनला हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. नुसत्या अक्षरांनी एवढं होतं तर पैठणीतल्या हसऱ्या चेहऱ्याने काय होईल? डोळे काढून पोट भरणाऱ्याला हे कोणी समजावायला नको. तेव्हा मुकाट्याने सांगा, म्हातारीचं ते बोलणं कुठे साठवलंय, ते कोण ऐकतं, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडे जातं का. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा संमती मागतो. नमस्काराला नमस्कार केला, ही संमती धरता येणार नाही.

तिसरी तक्रार माझ्या मुलीची, पण मला पूर्ण पटलेली. ती बाईच का? आणि तरुण, गोरी, कायम हसरी, सणाला निघाल्यासारखी नटलेलीच का? संचालक मंडळात कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या दोन जागा सोडल्या तर बाई सहसा दिसत नाही. कर्ज मंजूर करायच्या टेबलावर नाही. शिव्या खायच्या खिडकीवर मात्र बाई हवी. टवाळ पोरं तिला काहीबाही विचारतात आणि ती त्यालाही हसून 'माफ करा, मला समजलं नाही' म्हणते. परवा एक गृहस्थ शाखेतल्या खऱ्या कॅशियरताईंना म्हणाले, "ती बघा, कधी चिडत नाही." ताईंनी नोटा मोजता मोजता एकदा वर बघितलं आणि परत पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

हा प्रकार जगभर चाललाय, म्हणून तो बरोबर ठरत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या, बाईचा चेहरा असलेल्या यंत्राला नागरिकत्व जाहीर केलं. त्या वेळी तिथल्या हाडामांसाच्या बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, ती पुढच्या वर्षी मिळाली. सोफिया मात्र डोक्यावर काही न घेता व्यासपीठावर होती. डिसेंबरात तीच सोफिया मुंबईत आयआयटीच्या टेकफेस्टला आली, साडी नेसून. टाळ्या पडल्या. नागरिक म्हणजे ज्याला हक्क असतात आणि जो चुकला तर शिक्षा भोगतो. तिला दोन्ही नव्हतं, फोटो तेवढे होते.

माणसाच्या रूपालाच माझा विरोध आहे असं समजू नका, नाही तर मीच उपाशी मरेन. इस्रोने गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी व्योममित्रा हे बाईच्या रूपातलं यंत्र बनवलं, कमरेपर्यंतचं. माणसासाठी केलेल्या आसनावर बसायचं, माणसाच्या हाताला येतील अशा कळा दाबायच्या, मग माणसाचा देह हवाच. रूपाला काम आहे. कर्जाच्या व्याजदराला नथीचं काय काम आहे? तो तक्ता लावूनही कळतो. यंत्रालाही विरोध नाही. माझा पुतण्या अमेरिकेतल्या मंडळांना पत्रं आणि कोटेशनं असल्याच एका यंत्राकडून लिहून घेतो आणि छान लिहून घेतो. पण खाली सही त्याची असते, आणि मूर्ती वाटेत फुटली की फोन त्यालाच येतो.

कोणी म्हणेल, उद्या ही यंत्रं खरोखर जाणती झाली, त्यांना दुखलं-खुपलं तर? झाली तर तेव्हा बघू, आणि मी तेव्हाही पत्र लिहीन, त्यांच्या बाजूने. कारण ती खरंच 'सहकारी' असेल तर तिला सुट्टी नाही, पगार नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, आणि दिवसभर उभं राहून हसायची सक्ती आहे, याचा जाब द्यावा लागेल. आणि ती वस्तू असेल तर तिचं बोलणं तुमचं बोलणं. फ्लेक्सवर सहकारी आणि दंडव्याजाच्या वेळी परकी, हे दोन्ही एकदम जमणार नाही.

तुमच्या वरच्यांनीही हेच सांगितलंय. रिझर्व्ह बँकेने कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल समिती नेमली होती, मुंबई आयआयटीचे पुष्पक भट्टाचार्य तिचे अध्यक्ष होते. ऑगस्ट 2025 मध्ये अहवाल आला. त्यातल्या सात सूत्रांपैकी एक 'माणूस आधी' या अर्थाचं आहे आणि एक उत्तरदायित्वाचं: यंत्र वापरणारी संस्था जबाबदार. अहवाल तुमच्या कार्यालयात पडलेला असेल. नसेल तर मी झेरॉक्स काढून देतो.

मागण्या अशा. त्या पडद्यावर, चेहऱ्याखाली, ठळक मराठीत लिहा की हे यंत्र आहे, आणि याच्या उत्तरांना जबाबदार कोण अधिकारी, त्याचं नाव आणि फोन नंबर. नाव बदललं की पाटी बदला. तिने दिलेलं उत्तर हे बँकेचं उत्तर मानलं जाईल असा संचालक मंडळाचा ठराव करा आणि तो नोटीस बोर्डवर लावा. मुदत, व्याज, दंड, कागदपत्रं यांबद्दल काही सांगितलं तर तारीख-वेळ घातलेली छापील पावती बाहेर आली पाहिजे. यंत्राला हात जोडता येतात तर पावतीही देता येईल. चौकशीची खिडकी उघडा आणि बँकेच्या पूर्ण वेळेत तिथे माणूस बसवा. बोलणं साठवत असाल तर आधी सांगा, नाही म्हणणाऱ्याचं साठवू नका, आणि आजवर साठवलेलं कुठे आहे ते जाहीर करा. पैठणी-नथ उतरवा. साधा पडदा, मोठी अक्षरं आणि स्वच्छ आवाज एवढं पुरतं.

माझे दंडव्याजाचे पैसे परत मागत नाही. पण ज्यांना ज्यांना त्या बाईंनी चुकीची तारीख सांगितली, त्यांची खाती तपासा आणि त्यांचे परत करा. आमच्या पट्ट्यात असे आणखी कारखानदार आहेत, ते लाजेने बोलत नाहीत, यंत्राला फसलो म्हणून.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. हा विषय विषयपत्रिकेवर घ्या, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलू नका, कारण तोवर निम्मे सभासद जेवणाच्या रांगेत असतात. त्याआधी या पत्राला लेखी उत्तर द्या. उत्तराखाली नाव, हुद्दा आणि सही हवी.

कळावे,

आपल्यापैकी एका बँकेचा सभासद आणि कर्जदार,
एक मूर्तिकार,
जि. रायगड